मधुमेही डोळ्याच्या द्रवातले मेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा (रेटिना) बिघडू लागला, म्हणजे रेटिनोपॅथी झाली, की डोळ्यातल्या द्रवाचं रसायनही बदलतं, आणि त्यात मेदांचा, म्हणजे लिपिडांचा, मोठा वाटा असतो. पण नुसतं 'मेद वाढले' म्हणून भागत नाही. ते रक्तातून झिरपले, पडद्यातच तयार झाले, की नमुना काढल्यावर नळीत तयार झाले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. खालची बरीचशी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात. सुरुवातीची उत्तरं रुग्णांना आणि घरच्यांना उपयोगी पडतील, मधली प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना. त्यानंतर उपचारांबद्दल लिहिलं आहे.

'डोळ्यातला द्रव' म्हणजे अश्रू का?

नाही. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात. त्यांच्यावरचा तेलकट थर पापण्यांच्या काठाशी असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतो. मधुमेहात तोही बिघडतो आणि डोळे कोरडे पडतात, पण तो वेगळा विषय आहे.

इथे ज्याबद्दल बोलतो आहोत ते दोन द्रव डोळ्याच्या आत असतात. बुबुळाच्या पारदर्शक भागामागे पाण्यासारखा पातळ अ‍ॅक्वियस असतो. पुढच्या कप्प्यात तो साधारण पाव मिलिलिटर भरतो आणि दर मिनिटाला दोन ते तीन मायक्रोलिटर या गतीने नवा तयार होत राहतो, म्हणजे दीड-दोन तासांत तो जवळपास सगळा बदलतो. भिंगाच्या मागे पडद्यापर्यंत व्हिट्रियस नावाचं जेल असतं, सुमारे ४ मिलिलिटर. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी आणि बाकी कोलॅजनचे तंतू, हायल्युरोनिक आम्ल, थोडी प्रथिनं आणि क्षार. व्हिट्रियस असं सतत बदलत नाही. पडद्याला चिकटून असलेल्या या जेलमध्ये पडद्यातून बाहेर पडलेले पदार्थ बराच काळ रेंगाळतात, म्हणूनच पडद्याची खबर त्यातून मिळते.

निरोगी डोळ्याच्या द्रवात मेद असतात का?

असतात, पण रक्ताच्या मानाने फारच कमी. कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड आणि मुक्त मेदाम्लं यांचा अंश सापडतो. प्रकाश अडथळ्याविना पडद्यापर्यंत पोचायचा तर द्रव स्वच्छ हवा, आणि मेदाचे मोठे कण प्रकाश विखुरतात. पडद्याच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, पडद्याखालच्या रंगद्रव्याच्या थरातल्या पेशीही तशाच. या दुहेरी अडसराला रक्त-पडदा अडथळा म्हणतात. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे २० ते २५ नॅनोमीटर व्यासाचे कण तो एरवी आत येऊ देत नाही.

पडदा स्वतः मात्र मेदांनी समृद्ध आहे. प्रकाशग्राही पेशींच्या टोकांत डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल इतकं ठासून भरलेलं असतं की शरीरात दुसरीकडे असं क्वचितच आढळतं. शिवाय आपल्याला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग पडदा स्वतःच बनवतो आणि नको असलेलं विशिष्ट एन्झाइमांनी मोडून बाहेर काढतो. म्हणजे मेदांच्या बाबतीत डोळ्याचा कारभार बराचसा स्वतंत्र आहे. पुढच्या अनेक उत्तरांची किल्ली इथेच आहे.

मधुमेहात हा कारभार बिघडतो कसा?

तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

एक, गळती. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी मरतात, भिंतींतले जोड सैल होतात आणि व्हीईजीएफ नावाचा संदेशवाहक ते आणखी सैल करतो. मग रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि एचडीएल, एलडीएल हे लिपोप्रोटीन (प्रथिनांत गुंडाळलेले मेदाचे कण) पडद्याच्या ऊतीत आणि तिथून व्हिट्रियसमध्ये उतरतात. ज्यांच्या डोळ्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, म्हणजे प्रोलिफरेटिव्ह अवस्था आली आहे, त्यांच्या व्हिट्रियसमध्ये लिपोप्रोटीनांची प्रथिनं वाढलेली सापडतात.

दोन, आत आलेल्या मेदांचं खराब होणं. रक्तात असताना एलडीएलच्या दिमतीला अँटिऑक्सिडंट असतात. ऊतीत अडकलेल्या एलडीएल कणाला मात्र साखर चिकटते आणि तो ऑक्सिडाइझ होतो. असा बिघडलेला एलडीएल केशवाहिन्यांच्या पेशींना आणि पेरिसाइटना विषारी ठरतो, हे पेशींवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. म्हणजे गळतीने मेद आत येतात आणि तेच मेद पुढे गळती वाढवतात.

तीन, पडद्याच्या स्वतःच्या मेदांची उलथापालथ. दाह सुरू झाला की फॉस्फोलायपेज हे एन्झाइम पेशींच्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि डीएचए सुटं करतं. इतर एन्झाइमं त्यांपासून लहान पण प्रभावी संदेशवाहक रेणू बनवतात. यांचं प्रमाण अतिशय कमी असतं, तरी काम मोठं असतं.

नेमके कोणते मेद बदलतात?

'लिपिड' हा एक पदार्थ नाही, शेकडो रेणूंचं कुटुंब आहे. आमच्या मते लक्ष ठेवण्याजोगे गट असे.

कोलेस्टेरॉल, त्याचे एस्टर आणि ट्रायग्लिसराइड हे मुख्यतः गळतीचे साक्षीदार. ते वाढलेले दिसले तर अडथळा फुटला आहे एवढं कळतं. तो कशामुळे फुटला हे कळत नाही.

लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन, संक्षेपात एलपीसी, जास्त बोलका आहे. ऑक्सिडाइझ झालेल्या एलडीएलवरचं फॉस्फोलिपिड एलपी-पीएलए२ या एन्झाइमाने कापलं की तो तयार होतो. केशवाहिन्यांचे जोड सैल करण्यात तो व्हीईजीएफचाच एक ग्राहक (रिसेप्टर), व्हीईजीएफआर-२, वापरतो, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राणी आणि पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. थेट व्हीईजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांनी काहींची सूज पूर्ण का उतरत नाही, याचं एक संभाव्य कारण इथे असू शकतं.

अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज मार्गाने प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि लायपॉक्सिजनेज मार्गाने १२-हेटे, १५-हेटे हे रेणू होतात. प्रोलिफरेटिव्ह रेटिनोपॅथीच्या व्हिट्रियसमध्ये हे वाढल्याची निरीक्षणं आहेत. ते दाह आणि नव्या वाहिन्या, दोन्हींना चालना देतात.

डीएचएपासून बनणारा १९,२०-डीएचडीपी हा रेणू २०१७ पासून चर्चेत आला. सोल्युबल इपॉक्साइड हायड्रोलेज या एन्झाइमाने तो बनतो, पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलची मांडणी विस्कटतो आणि त्यामुळे केशवाहिनीच्या पेशी व पेरिसाइट यांना धरून ठेवणारी प्रथिनं जागेवरून सुटतात. मधुमेही व्यक्तींच्या पडद्यात आणि व्हिट्रियसमध्ये तो वाढलेला आढळला. उंदरांत हे एन्झाइम अडवल्यावर रेटिनोपॅथी रोखता आली. 'चांगल्या' ओमेगा-३ पासूनही घातक पदार्थ बनू शकतो, हे इथे लक्षात घ्यावं.

मॅलॉनडायअल्डिहाइड आणि ४-हायड्रॉक्सिनोनेनल हे मेद कुजल्याचे अवशेष. तेही वाढतात. सेरामाइड हा पेशीमृत्यूशी जोडलेला मेदही मधुमेही पडद्याच्या अभ्यासात पुढे आला आहे. उलट, मधुमेही प्राण्यांच्या पडद्यात डीएचए आणि अतिलांब साखळीची मेदाम्लं कमी झालेली दिसतात, कारण ती बनवणारी एन्झाइमं मंदावतात.

माझं रक्तातलं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. मग डोळ्यात मेद कसे?

रक्ताचा अहवाल डोळ्याच्या आतली स्थिती सांगत नाही. अडथळा फुटलेला असेल तर नॉर्मल पातळीचं रक्तसुद्धा पडद्याला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट मेद आत ओतू शकतं. उलट अडथळा शाबूत असेल तर कोलेस्टेरॉल वाढलेलं असूनही डोळ्याचा द्रव स्वच्छ राहतो. रक्तातल्या पातळीचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो पडद्यावरच्या पिवळ्या डागांशी. रेटिनोपॅथीच्या एकूण तीव्रतेशी तिचा संबंध बराच कमकुवत आहे.

पडद्यावरचे पिवळे डाग म्हणजे हेच मेद का?

होय, हार्ड एक्झुडेट म्हणतात ते हेच. केशवाहिनीतून गळलेल्या प्लाझ्मामधलं पाणी परत शोषलं जातं, पण लिपोप्रोटीन मागे राहून पडद्याच्या बाहेरच्या जाळीदार थरात साचतात. ठळक कडांचे, मेणासारखे पिवळे ठिपके दिसतात आणि बऱ्याचदा गळणाऱ्या जागेभोवती कड्यासारखे मांडलेले असतात.

उपचार सुरू झाल्यावर हे डाग आधी वाढल्यासारखे वाटले तर घाबरू नका. सूज उतरताना पाणी लवकर शोषलं जातं, मेद मागे उरतात आणि अधिक ठसठशीत दिसतात. मग सफाई करणाऱ्या पेशी ते हळूहळू गिळतात. याला अनेक महिने लागतात. काळजीची बाब एकच: मॅक्युलाच्या (पडद्याच्या मध्यभागाच्या) केंद्राखाली मेदाचा जाड थर बसला आणि बराच काळ राहिला तर तिथे व्रण तयार होतो, आणि गेलेली मध्यदृष्टी मग परत येत नाही. म्हणून डाग केंद्राच्या जवळ सरकत असतील तर पुढच्या तपासणीची तारीख लांबवू नये.

डॉक्टरांनी डोळ्यात चमकणारे कण असल्याचं सांगितलं. ते कोलेस्टेरॉल आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. अ‍ॅस्टेरॉइड हायलोसिसमध्ये व्हिट्रियसच्या तंतूंना चिकटलेले पांढरट-पिवळट गोळे असतात. ते कॅल्शियम, फॉस्फेट आणि फॉस्फोलिपिडांचे बनलेले. डोळा हलवला की ते हलतात आणि पुन्हा आपल्या जागी येतात. नजरेला सहसा त्रास नसतो. त्रास होतो तो तपासणाऱ्याला, कारण पडदा नीट दिसत नाही. अशा वेळी ओसीटी (पडद्याचं थरांनुसार स्कॅन) किंवा अँजिओग्राफीची मदत होते.

सिंकिसिस सिंटिलान्समध्ये मात्र खरोखर कोलेस्टेरॉलचे चपटे स्फटिक असतात. जुना रक्तस्राव मोडून ते बनतात. डोळा स्थिर ठेवला की खाली बसतात आणि हलवला की सोनेरी चमक उडते. त्यांचा अर्थ एवढाच की डोळ्यात कधीतरी मोठा रक्तस्राव किंवा इजा झाली होती.

ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरात गेलं तर डोळ्याला काय होतं?

पातळी फारच वाढली, साधारण २,५०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या आसपास किंवा वर, की पडद्याच्या रक्तवाहिन्या दुधाळ दिसू लागतात. याला लायपेमिया रेटिनॅलिस म्हणतात. तिथे मेद रक्तवाहिनीच्या आतच असतो, द्रवात नव्हे, आणि पातळी उतरली की रंग पूर्ववत होतो. खरा धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा असतो, त्यामुळे हे दिसलं तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत.

डोळ्यातल्या मेदांची तपासणी मला करून घेता येईल का?

नेहमीच्या उपचारात अशी तपासणी नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी डोळ्यात सुई घालू नये. आत जंतुसंसर्ग झाला तर दृष्टी जाऊ शकते, आणि हाती येणाऱ्या आकड्यावरून आज कोणताही उपचार बदलत नाही. संशोधनासाठीचे नमुने दुसऱ्या कारणाने होत असलेल्या शस्त्रक्रियेत किंवा इंजेक्शनच्या वेळी घेतले जातात.

व्हिट्रियसचा नमुना नीट कसा घ्यावा?

व्हिट्रेक्टमीच्या, म्हणजे व्हिट्रियस काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या, अगदी सुरुवातीला, डोळ्यात सलाइन सोडण्यापूर्वी. इन्फ्युजन चालू झालं की नमुना पातळ होतो आणि किती पट झाला ते नंतर खात्रीने सांगता येत नाही. कटरच्या शोषणनळीला सिरिंज जोडून सहायकाने हलक्या हाताने ओढावं. मध्यभागातून अर्धा ते एक मिलिलिटर मिळतो. त्याहून जास्त ओढलं तर डोळा मऊ पडतो आणि मागच्या थरांत रक्तस्रावाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याने सिरिंजकडे नव्हे, डोळ्याकडे लक्ष ठेवायचं. अ‍ॅक्वियस हवा असेल तर ३० गेजच्या सुईने ०.१ ते ०.२ मिलिलिटर.

नळी लगेच बर्फात. ४ अंश सेल्सियसला सेंट्रिफ्यूज करून पेशी बाजूला काढायच्या, वरचा द्रव १००-१०० मायक्रोलिटरच्या भागांत वाटायचा आणि उणे ८० अंशांना ठेवायचा. वाटून ठेवण्याचा कंटाळा केला की एकच नळी चार वेळा वितळते आणि गोठते, आणि दर वेळी ऑक्सिडाइझ झालेल्या मेदांचा आकडा फुगतो. मेदाम्लांचे संदेशवाहक मोजायचे असतील तर नळीत आधीच बीएचटीसारखं अँटिऑक्सिडंट आणि सायक्लोऑक्सिजनेज थांबवणारं इंडोमेथासिन असावं. डोळ्यात आधी ट्रायमसिनोलोन किंवा सिलिकॉन ऑइल घातलेलं असेल तर तो नमुना या कामासाठी बाद.

नमुन्यात रक्त मिसळलं तर किती फरक पडतो?

इतका की निष्कर्षच उलटू शकतो. हिशेब करून पाहा. १ मिलिलिटर नमुन्यात १ टक्का, म्हणजे १० मायक्रोलिटर रक्त आलं. त्यात सुमारे साडेपाच मायक्रोलिटर प्लाझ्मा. रक्तातलं कोलेस्टेरॉल २०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर धरलं तर एवढ्या प्लाझ्मातून ११ मायक्रोग्रॅम कोलेस्टेरॉल नमुन्यात पडलं, तांबड्या पेशींच्या आवरणातलं वेगळंच. आणि त्याच १० मायक्रोलिटरमध्ये सुमारे २५ लाख प्लेटलेट असतात. प्लेटलेटमध्ये १२-लायपॉक्सिजनेज भरपूर असतं. त्या जाग्या झाल्या की काही मिनिटांत १२-हेटे तयार करतात. 'मधुमेही व्हिट्रियसमध्ये १२-हेटे वाढलं' हा निष्कर्ष मग पडद्याचा राहत नाही, नळीचा होतो. शिवाय फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं लोह मेदांच्या ऑक्सिडेशनला वेग देतं.

प्रोलिफरेटिव्ह अवस्थेतल्या रुग्णांवर बऱ्याचदा रक्तस्रावासाठीच शस्त्रक्रिया होते आणि तुलनेच्या गटात रक्तस्राव नसतो, म्हणून ही चूक एकाच बाजूला झुकते. डोळ्यांनी गुलाबी दिसणं हा निकष पुरेसा नाही. प्रत्येक नमुन्याचं ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजून हिमोग्लोबिन काढावं, मर्यादा आधी ठरवावी आणि त्यावरचे नमुने निर्दयपणे वगळावेत.

मेद वेगळे काढताना कुठे चुकतं?

जुनी, भरवशाची पद्धत फोल्शची, १९५७ ची: क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१, नमुन्याच्या २० पट. १०० मायक्रोलिटरला २ मिलिलिटर मिश्रण, मग ०.४ मिलिलिटर मिठाचं पाणी, सेंट्रिफ्यूज, आणि मेद खालच्या थरात. खालचा थर काढताना पिपेट मधल्या प्रथिनांच्या चकतीतून जाते आणि थोडी चकती सोबत येते. एमटीबीई वापरलं तर मेद वरच्या थरात येतात आणि हा त्रास वाचतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच अर्कात सगळं मोजू पाहणं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड सेंद्रिय थरात नीट येतात. लायसोफॉस्फॅटिडिक आम्लासारखे ध्रुवीय मेद आम्लता न वाढवल्यास पाण्याच्या थरात निसटतात. हेटे आणि डीएचडीपीसारख्या रेणूंसाठी स्वतंत्र भाग राखून घनप्रावस्था निष्कर्षण करावं. ड्युटेरियम असलेलं अंतर्गत मानक अर्क काढण्यापूर्वी घालायचं, नंतर नाही. नंतर घातलं तर अर्क काढताना झालेलं नुकसान दिसतच नाही. क्लोरोफॉर्मसाठी काचेच्या नळ्या, कारण प्लास्टिकमधून सुटणारे पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरवर मेदाम्लांच्या शेजारी येऊन बसतात. आणि गोठवण्याआधी नमुना टेबलावर पडून राहिला तर त्यातलं ऑटोटॅक्सिन हे एन्झाइम एलपीसीपासून लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल बनवत राहतं: एक आकडा घटतो, दुसरा वाढतो, आणि दोन्ही खोटे.

मॅलॉनडायअल्डिहाइडसाठी टीबीएआरएस ही रंगाची चाचणी स्वस्त आहे, पण साखर आणि इतर अल्डिहाइडांशीही ती रंग देते. मधुमेही नमुन्यात नेमकी हीच अडचण. फक्त तिच्यावर आधारलेल्या निष्कर्षाला आम्ही फारसं वजन देत नाही.

गळतीने आलेले मेद आणि पडद्यात बनलेले मेद वेगळे कसे ओळखायचे?

त्याच दिवशीचं रक्त हाताशी हवं. मग तीन गुणोत्तरं काढता येतात: व्हिट्रियस आणि प्लाझ्मा यांतलं अल्ब्युमिन, अ‍ॅपो-बी (एलडीएलचं प्रथिन), आणि ज्या मेदाबद्दल प्रश्न आहे तो. मेदाचं गुणोत्तर अल्ब्युमिन आणि अ‍ॅपो-बीच्या आसपास असेल तर तो गळून आला. त्याहून खूप जास्त असेल तर स्थानिक निर्मितीचा विचार करावा. अ‍ॅपो-ए१ (एचडीएलचं प्रथिन) यासाठी वापरू नये. ते पडदा स्वतःही बनवतो, आणि एचडीएलचे कण ८ ते १२ नॅनोमीटरचे असल्याने छोट्या फटीतूनही आधी तेच येतात.

हेटेंच्या बाबतीत आणखी एक युक्ती आहे. एन्झाइम मुख्यतः एकाच हाताचा रेणू बनवतं, उदाहरणार्थ १२(एस)-हेटे. आपोआप झालेल्या ऑक्सिडेशनमध्ये डावे-उजवे सारखेच बनतात. कायरल स्तंभावर दोन्ही वेगळे करून पाहिले की ऑक्सिडेशनने आपोआप बनलेला भाग उघड होतो. प्लेटलेटचा मात्र यातून पकडता येत नाही, तोही एस प्रकारचाच असतो. त्यासाठी हिमोग्लोबिनची मर्यादाच कामी येते.

आकडे एकूण प्रथिनांनी भागण्याची सवय इथे सोडावी. प्रोलिफरेटिव्ह व्हिट्रियसमध्ये प्रथिनंच कित्येक पट वाढलेली असतात. त्यांनी भागलं की खरोखर वाढलेला मेद कमी झालेला दिसतो. घनफळावर मोजा आणि प्रथिनांचा आकडा शेजारी द्या.

तुलनेसाठी निरोगी व्हिट्रियस कुठून मिळतं?

खरं निरोगी मिळत नाहीच. मॅक्युलर होल किंवा पडद्यावरच्या पापुद्र्यासाठी शस्त्रक्रिया होणाऱ्यांचे नमुने वापरतात. मृत्यूनंतरच्या डोळ्यात काही तासांत मेद मोडू लागतात, म्हणून तो पर्याय त्याहून कमकुवत. मधुमेह आहे पण रेटिनोपॅथी नाही असा तिसरा गट ठेवला तर मधुमेहाचा आणि डोळ्याच्या आजाराचा परिणाम वेगळा करता येतो. शस्त्रक्रियेआधी काही दिवस व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन दिलेले रुग्ण वेगळे मोजावेत, कारण गळतीच बदललेली असते.

फेनोफायब्रेटने डोळ्याला फायदा होतो असं ऐकलं. खरं का?

फेनोफायब्रेट हे रक्तातले मेद, मुख्यतः ट्रायग्लिसराइड, उतरवणारं औषध. मेद आणि मधुमेही डोळा या विषयात रुग्णांना थेट उपयोगी पडू शकेल असं सर्वांत भक्कम ज्ञान इथेच आहे. फील्ड चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या ९,७९५ व्यक्ती होत्या. दिवसाला २०० मिग्रॅ फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत ३.४ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ४.९ टक्क्यांना प्रथमच लेझरची गरज पडली. २०१० मधल्या अ‍ॅकॉर्ड-आय अभ्यासात सर्वांना सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन) चालू होतं. चार वर्षांत रेटिनोपॅथी पुढे सरकली ती फेनोफायब्रेट गटात ६.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १०.२ टक्के व्यक्तींत. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लेन्स चाचणीने, १,१५१ व्यक्तींत, हाच कल दाखवला: २२.७ विरुद्ध २९.२ टक्के.

लक्षात घेण्यासारखं म्हणजे हा फायदा रक्तातल्या मेदांच्या घटीवरून पुरता समजावता येत नाही. औषध पीपीएआर-आल्फा हा ग्राहक जागा करतं, आणि तो पडद्यातही असतो.

पण हे स्वतःहून सुरू करायचं औषध नव्हे. क्रिएटिनिन वाढतं, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी आधी आणि नंतर हवी. मूत्रपिंड बरंच निकामी असेल, यकृताचा सक्रिय आजार किंवा पित्ताशयाचा विकार असेल तर ते देत नाहीत. स्टॅटिनसोबत घेताना स्नायू दुखू लागले तर लगेच कळवावं. आधीच सुजलेल्या मॅक्युलावर किंवा फुटलेल्या नव्या वाहिन्यांवर हा इलाज नाही. तिथे इंजेक्शन, लेझर किंवा शस्त्रक्रियाच.

स्टॅटिन डोळ्यासाठी घ्यावं का?

स्टॅटिन हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी दिलं जातं आणि त्यासाठी ते मोलाचं आहे. रेटिनोपॅथी थांबवण्याचा तसा ठोस पुरावा त्याच्यामागे नाही. डोळ्याला उपयोग नाही म्हणून ते बंद मात्र करू नका.

माशांचं तेल, ओमेगा-३ च्या गोळ्या?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडिमेड अभ्यासाच्या विश्लेषणात आहारातून दिवसाला किमान ५०० मिग्रॅ लांब साखळीचं ओमेगा-३, म्हणजे आठवड्यातून दोनदा तेलकट मासे, घेणाऱ्यांत दृष्टीला धोका देणारी रेटिनोपॅथी कमी दिसली. ते निरीक्षण आहे, उपचाराची चाचणी नाही. आहारात मासे असतील तर ठेवावेत. गोळ्या डोळ्याचा उपचार म्हणून सांगण्याइतका पुरावा नाही.

डोळ्यातल्या इंजेक्शनांचा या मेदांवर परिणाम होतो का?

व्हीईजीएफविरोधी औषधं गळती कमी करतात, म्हणून नवे मेद येणं घटतं; आधी साचलेले हळूहळू जातात. स्टेरॉइड फॉस्फोलायपेजलाच लगाम घालतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन आणि हेटे दोन्ही मार्ग मंदावतात. म्हणून व्हीईजीएफविरोधी औषधांना दाद न देणारी सूज कधी कधी स्टेरॉइडने उतरते. किंमत म्हणजे मोतीबिंदू आणि डोळ्याचा वाढणारा दाब. दर भेटीत दाब मोजून घ्या. फक्त सायक्लोऑक्सिजनेज अडवणारे नेपाफेनॅकचे थेंब केंद्राबाहेरच्या सुजेवर तपासले गेले, पण अर्थपूर्ण फरक दिसला नाही. एक फाटा बंद केला तरी बाकीचे वाहत राहतात. एलपी-पीएलए२ अडवणाऱ्या डाराप्लाडिबने छोट्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली, पण ते नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.

मग आज मी नेमकं काय करावं?

टाइप २ मधुमेहात निदान होताच, टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत, आणि मग साधारण दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी आणि पहिल्या तिमाहीत. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणं हेच अडथळा टिकवण्याचं मुख्य साधन. बराच काळ वाढलेली साखर झपाट्याने खाली आणायची असेल तर आधी पडदा दाखवा, कारण अशा वेळी रेटिनोपॅथी तात्पुरती बळावू शकते. अचानक काळे ठिपके किंवा जाळी, लखलखाट, नजरेवर पडदा ओढल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

शस्त्रक्रियेच्या वेळी संशोधनासाठी नमुना मागितला. द्यावा का?

व्हिट्रेक्टमीत ते जेल तसंही काढून टाकलं जातं, त्यामुळे वेगळं छिद्र पाडावं लागत नाही. वेळ थोडासा वाढतो. संमतीपत्रात नमुना कशासाठी, किती काळ ठेवणार आणि नाव कसं झाकणार हे लिहिलेलं असावं. नकार दिला तरी उपचारात फरक पडत नाही, हेही त्यात असावं. होकार दिलात तर त्याच दिवशी रक्त द्या, शेवटचं जेवण किती वाजता झालं ते सांगा, आणि फेनोफायब्रेट, स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, ओमेगा-३ यांपैकी काय चालू आहे त्याची मात्रेसह यादी हातात ठेवा. अ‍ॅस्पिरिनची एक गोळीसुद्धा प्रोस्टाग्लँडिनचे आकडे बदलू शकते.